मृतांच्या यादीत सासूबाई

माणसानं वाचन करू नये, असं माझं आता ठाम मत झालेलं आहे. निदान सासू हयात आहे तोवर तरी करू नये. (हे मत मी घरात बोलून दाखवत नाही. घरात माझी मतं मी फार जपून वापरतो.)

सुरुवात अगदी साधी झाली. मे महिन्यातल्या एका रविवारी माझ्या फोननं आपण होऊन कळवलं, की गेल्या आठवड्यात मी रोज सरासरी सहा तास चौदा मिनिटं त्याच्याकडे बघत होतो. हे त्यानं मला एकट्याला गुपचूप सांगायला हवं होतं. पण फोन पडला होता टेबलावर आणि टेबलाशी माझी बायको इलिंका वाटाणे सोलत बसली होती.

"सहा तास!" ती म्हणाली. "तोआदेर, लग्नाच्या दिवशी तरी बघितलं होतंस का माझ्याकडे सहा तास?"

"त्या दिवशी फोटोग्राफर मध्ये मध्ये येत होता," मी म्हणालो.

इलिंका शाळेत शिकवते. त्यामुळे शिक्षा ठरवायला तिला वेळ लागत नाही. जितका वेळ फोन, तितका वेळ वाचन, असा कायदा तिथल्या तिथे झाला. मी पाणीपुरवठा कार्यालयातला कारकून. कायद्यातून पळवाट काढणं हा माझा पिढीजात नसला तरी पगारी धंदा आहे. मी कपाटाशी गेलो आणि घरातलं सगळ्यात बारीक पुस्तक शोधून काढलं. चौदा पानांचं. एका तासात संपेल, म्हटलं, आणि मग आपण मोकळे.

ते पुस्तक नव्हतंच. माझ्या आजोबांची यादीची वही होती ती. आमच्याकडे घरटी अशी वही असते. घराण्यातली जी माणसं गेली त्यांची नावं तिच्यात असतात. मोशीच्या शनिवारी, म्हणजे पूर्वजांच्या शनिवारी, त्या नावांची यादी करून फादरकडे द्यायची. जिवंतांची यादी वेगळी, त्यांच्या आयुरारोग्यासाठी. मेलेल्यांची वेगळी, त्यांच्या शांतीसाठी. फादर ती सगळ्या गावासमोर मोठ्यानं वाचतात. फक्त नाव वाचतात, आडनाव नाही. देवाला आडनाव लागत नाही, असं फादर कासियान म्हणतात.

पण आजोबांनी नुसती नावं लिहिली नव्हती. प्रत्येक नावापुढे, माणूस कसा गेला, तेही लिहिलं होतं. 'गावरिल, अळंबी.' 'सिमिओन, विहीर.' 'निकीफोर, शेजाऱ्याच्या चेरीच्या झाडावरून (चेरीही शेजाऱ्याच्याच).' माझे पणजोबा तोआदेर, यांच्यापुढे होतं, 'बैल,' आणि खाली बारीक अक्षरात, 'चूक बैलाची नव्हती.' आजोबा स्वतः तोआदेरच. त्यांच्यापुढे माझ्या वडिलांनी लिहिलं होतं, 'झोपेत, देवाची कृपा.'

मी एका तासाचे तीन तास वाचत बसलो. सुरुवातीची पानं जुन्या लिपीत होती, ती फोनला दाखवली तर त्यानं गावरिलचं भाषांतर 'खोरं' असं केलं. शेवटी रोज संध्याकाळी फादर कासियान यांच्याकडे जाऊन एकेक अक्षर लावलं. खरं सांगतो, मला गहिवरून आलं. इतकी माणसं आपल्या आधी या गावात जगली, आणि आजोबा सोडले तर त्यातलं एकही सरळपणे मेलं नाही! आपण कुठून आलो हे मला पहिल्यांदाच कळत होतं. आपण असे का आहोत हेही कळत होतं.

इथं मी थांबायला हवं होतं. पण वाचनाचे तास साठले की फोनचे तास मिळत होते, आणि त्या तासांचं काय करावं? मी वंशावळ जुळवण्याचं एक ॲप उतरवून घेतलं.

ॲप सुरू करतानाच ते माझी जन्मतारीख मागू लागलं. कार्यालयात माझ्या शेजारी बसणारा सिल्वेस्त्रू म्हणाला, "खरी तारीख द्यायची नाही हां. तारीख दिलीस की उद्या तुझं घर विकतील, आणि घेणारा पाण्याची तक्रार घेऊन माझ्याकडेच येईल." ॲपनं आपण होऊन १ जानेवारी १९०० अशी तारीख मांडून ठेवली होती. मी ती तशीच राहू दिली आणि पुढे गेलो. हुशार माणूस असाच पुढे जातो.

मग मी एकेक नाव भरत गेलो. माझी बाजू, इलिंकाची बाजू, मेलेले, जिवंत, सगळे. गाडी अडली ती सासूबाईंपाशी.

माझ्या सासूबाईंचं नाव हारितिना. गावात हे नाव दुसऱ्या कुणाचंही नाही. ठेवायची कुणाची छाती झाली नसावी. सासरे घेरासिम गेल्यापासून त्या आमच्या घरापासून तीन फाटकं सोडून एकट्या राहतात. त्यांचं वय त्यांना आणि सरकारला ठाऊक आहे, आणि सरकारलाही त्यांनी ते नाइलाजानं सांगितलेलं आहे. ओळखपत्र बिस्किटांच्या डब्यात, डबा कुलपात, किल्ली गळ्यात.

"आई, तुमचा जन्म कोणत्या सालचा हो?" मी विचारलं.

"का? शवपेटीवर कोरायला दिलंस का काही?"

"तसं नाही, फोनमध्ये भरायचंय."

"फोनला सांग, बाईला वय विचारू नये. जावयानं तर मुळीच नाही."

मी त्यांच्या नावापुढेही १९००च राहू दिलं. तात्पुरतं, म्हटलं. आयुष्यात जे काही मी तात्पुरतं म्हणून केलं आहे, ते सगळं कायमचं ठरलेलं आहे.

मोशीचा शनिवार जवळ आला. दरवर्षी दोन्ही घरांची यादी सासूबाई हातानं लिहितात. या वर्षी मी ऐटीत म्हणालो, "आई, मेलेल्यांची यादी मी देतो. एक बटण दाबायचं काम आहे."

"हातानं लिहायची असते रे ती. एकेक नाव लिहायचं, त्या माणसाला डोळ्यांपुढे आणायचं, मग पुढचं. बटणाला काय डोंबलाची आठवण येणार?"

"आई, जग कुठं चाललंय!"

"जग कुठं का जाईना, माझा घेरासिम राहता कामा नये," त्या म्हणाल्या, आणि माझं डोकं फिरलं असावं, कारण मी त्यांना वचन दिलं. मग ॲपमधलं 'फक्त मृत, फक्त नावं' असं बटण दाबलं आणि कार्यालयातल्या छपाईयंत्रातून आलेला कागद न वाचता घडी घालून फादरना नेऊन दिला. (ज्या माणसानं वाचनाचा वसा घेतला होता, त्यानं वाचायचा तेवढा एकच कागद वाचला नाही.)

शनिवारी सकाळी चर्च भरलं होतं. बायकांनी कोलिवाची ताटं मांडली होती. गहू उकडून, साखर-अक्रोड घालून, वर मेलेल्याच्या नावानं मेणबत्ती. वाटायला आणलेल्या मातीच्या मगांना चेरीचे जोड बांधलेले. सासूबाई पहिल्या रांगेत, काळा रुमाल, हातात मेणबत्ती. मी मागे पुरुषांत, चेहऱ्यावर घराण्याचा इतिहास जाणणाऱ्याचं गांभीर्य.

फादर कासियान यादी वाचताना मान वर करत नाहीत आणि श्वासही बेतानंच घेतात. "गावरिल, सिमिओन, निकीफोर, तोआदेर, तोआदेर, मारिओरा, तोआदेर..." प्रत्येक तोआदेरला मी क्रूस केला. आमच्या घराण्यात तोआदेरांना काय तोटा! तिसऱ्या वेळी तर माझे डोळे पाणावले, का कुणास ठाऊक.

"...घेरासिम, हारितिना..."



"मी इथं उभी आहे, फादर!" सासूबाई ओरडल्या.

फादरांचं वाचन उताराला लागलेलं होतं. "...यांच्या आत्म्यांना देव चिरशांती देवो," ते म्हणाले, आणि गाणाऱ्यांनी नेहमीच्या सवयीनं 'चिरंतन स्मृती' सुरू केलं. सासूबाई आपल्याच नावाचं ते गाणं उभ्यानं ऐकत होत्या. मग त्या हळूहळू मागे वळल्या. त्यांच्याबरोबर अख्खं गाव मागे वळलं. माझी पाचावर धारण बसली.

आमच्याकडे जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत वाचायला लावणं ही थट्टा नव्हे. ते कुणाचं तरी वाईट चिंतून मुद्दाम करतात. आणि असं नाव वाचलं गेलं की चाळीस दिवसांत ते माणूस जातं, असं म्हणतात. कोण म्हणतं? सगळेच म्हणतात. माझ्या आजोबांच्या वहीतही एक होतं: 'अनिसिया. जाऊबाईनं यादीत घातलं. अडतिसावा दिवस.'

घरी आल्यावर इलिंकानं माझा फोन काढून घेतला आणि ॲप उघडलं. तिथं लिहिलेलं होतं, की एकशे दहा वर्षांच्या वरच्या सर्व व्यक्ती मृत समजल्या जातील.

"तू माझ्या आईला सव्वाशे वर्षांची केलीस?"

"त्यांनी वय सांगितलं नाही..."

"म्हणून मारून टाकलंस?"

सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. इतकं शांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गळ्यातली किल्ली त्यांनी मुठीत आवळून धरली होती.  या बाईला मी घाबरायचो. पण या बाईला घाबरलेलं पाहणं त्याहून भयंकर होतं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "आजपासून चाळीस दिवस मी तुमच्याकडे राहणार. व्हायचं ते तुझ्या डोळ्यांसमोर होऊ दे."

इलिंका मला एवढंच म्हणाली, "तिला काही झालं ना तोआदेर, तर मला तुझं तोंड बघायचं नाही." आणि ती गंमत करत नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं मला ओळखता येतं.

मी फादर कासियानकडे धावलो. ते म्हणाले, हा सगळा अडाणीपणा आहे, असलं काही नसतं. मी म्हणालो, फादर, मग काही नाहीच ना करायचं? ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "तसं रोज तिच्या आयुष्यासाठी स्तोत्रांचा एक भाग मोठ्यानं वाच. छापील पुस्तकातून. चाळीस दिवस." म्हणजे त्यांनाही भीती वाटत होती. 

ते चाळीस दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ज्यानं ती वही वाचलेली नाही, तो सुखी. मला तर मरणाच्या साऱ्या वाटा तोंडपाठ होत्या. सासूबाई चेरीला शिडी लावायला निघाल्या, की मला निकीफोर दिसायचा. "आई, मी चढतो!" आणि मी चढायचो. त्या बादली घेऊन विहिरीकडे वळल्या, की सिमिओन. विहिरीत पडलेली त्यांची कळशी काढायला मी दोर बांधून खाली उतरलो. अळंब्यांची भाजी झाली, की आधी मी एकट्यानं खायची, तासभर थांबायचं, मग त्यांनी. त्या निमित्तानं त्यांना थंड भाजी खावी लागायची आणि त्याबद्दलही मलाच बोलणी. शेजारच्यांचा बैल रस्त्यानं जाताना मी सासूबाईंच्या पुढे दोन्ही हात पसरून उभा राहिलो. बैलानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझ्या पणजोबांकडे पाहिलं असावं.

फोनला हात लावायला सवड कुठली? रविवारी त्यानं कळवलं, रोज सरासरी अकरा मिनिटं. त्यालाही माझी काळजी वाटू लागली असावी.

आणि रोज दुपारी स्तोत्रं. मी वाचायचो, सासूबाई दोष काढायच्या.

"जरा मनापासून वाच. पाण्याचं बिल वाचतोस काय?"

"आई, वाचतोय ना."

"देवाला वाटेल तुला घाई आहे. मला मुळीच नाही."

पुढे पुढे वाचन संपलं तरी त्या उठेनात. मग मी वही काढायचो आणि त्या त्यांच्याकडच्या माणसांबद्दल सांगायच्या. त्यांची आई पाच गावं ओलांडून नवऱ्याला न सांगता मधमाश्यांचं पोळं विकत घ्यायला गेली होती. घेरासिमनी लग्नाआधी त्यांच्या अंगणात गवत कापण्यासाठी तीन वेळा चुकून यायचं नाटक केलं होतं. हे सगळं मी आजोबांच्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहीत गेलो. हातानं. एका पानाला अर्धा तास लागायचा, आणि खरोखरच लिहिताना माणूस डोळ्यांपुढे यायचा.

एकोणचाळिसाव्या दिवशी दुपारी मी कार्यालयातून परतलो, तर अंगणातल्या अक्रोडाखाली बाकावर सासूबाई आडव्या पडलेल्या. तोंड उघडं. एक हात खाली लोंबकळत होता. हाक मारली, हालचाल नाही. अनिसिया अडतिसाव्या दिवशी गेली होती. यांनी एक दिवस जास्त काढला, एवढाच विचार डोक्यात आला.  मग आठवलं, की नाकापुढे आरसा धरतात. आरसा आणायला घरात जायचं धैर्य नव्हतं. मी खिशातून फोन काढला, गुडघ्यांवर बसलो आणि त्याची काच त्यांच्या नाकापुढे धरली.

काच स्वच्छच राहिली. (नंतर कळलं, फोन तापलेला होता. तापलेल्या काचेवर वाफ धरत नाही.)

"आई," मी म्हणालो, "आई, मरू नका हो." आणि मी लहान पोरासारखा रडू लागलो. इलिंका काय म्हणेल म्हणून नव्हे, गाव काय म्हणेल म्हणूनही नव्हे. उद्या दुपारी माझ्या वाचनात चुका कोण काढणार, म्हणून मी रडत होतो.

सासूबाईंनी एक डोळा उघडला.

"फोटो काढतोस? मेलेली समजून?"

"नाही आई, श्वास बघत होतो..."

"फोननं?" त्या उठून बसल्या.  मग गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातात दिली. "जा. बिस्किटांचा डबा आण. तारीख लिहून घे एकदाची, नाहीतर तुझं ते यंत्र मला दरवर्षी मारेल." तारीख मी लिहून घेतली. ती मी इथे देणार नाही. चाळीस दिवसांत मी तेवढं शिकलो आहे.

चाळिसावा दिवस उजाडला आणि सासूबाई चांगल्या ठणठणीत, पहाटेपासून भांडी आपटत होत्या. आम्ही फादर कासियानना जेवायला बोलावलं. ते कुणाच्या तरी स्मृतीची प्रार्थना उरकून थेट आले होते, हातात त्या घरानं दिलेला कोलिवाचा वाडगा. "असलं काही माझ्यापुढे नको," म्हणत सासूबाईंनी तो टेबलाच्या पार टोकाला ठेवला. कोबीच्या पानात गुंडाळलेलं मटण झालं, प्लमची दारू झाली. मग फादरांनी झग्यातून तो छापील कागद काढला. "हा तुमच्या हातानं जाळून टाका," ते सासूबाईंना म्हणाले.

सासूबाईंनी चष्मा लावला. जाळण्याआधी वाचणारी ती आमच्या घरातली एकमेव व्यक्ती.

"गावरिल, सिमिओन, निकीफोर... तोआदेर, तोआदेर... जावईबापू, वहीत तुझे तोआदेर दोनच आहेत. बैलवाला आणि झोपेतला. इथं तीन आहेत. हा तिसरा कोण?"

मी घराण्याचा जाणकार. ऐटीत फोन काढला. "असेल कुणी जुना. आत्ता सांगतो." यादीतला तिसरा तोआदेर दाबला. जन्म, १ जानेवारी १९००. मृत. शेजारी फोटो होता. समुद्रकिनारी, टोपी घालून, हातात आइस्क्रीम घेतलेला माझा.

 म्हणजे अख्ख्या गावासमोर माझं नाव वाचलं गेलं होतं, मी स्वतः त्याला क्रूस केला होता, स्वतःसाठी डोळे पुसले होते. आणि त्यानंतर शिडीवर मी चढलो, विहिरीत मी उतरलो, अळंबी मी आधी खाल्ली, बैलापुढे मी उभा राहिलो! चाळीस दिवस मी मेलेला होतो आणि माझ्या नाकापुढे कुणी चमचासुद्धा धरला नव्हता. मी टेबल घट्ट धरलं.

फादर कासियान घाईघाईनं स्वतःवर क्रूस करत होते. इलिंका शांतपणे पाव कापत होती.

"इलिंका, मी मेलो होतो," मी म्हणालो.

"माहितीये. त्याच दिवशी फोनमध्ये दिसलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"आईच्या बाबतीत ॲपचं चुकलंय हे लगेच कळत होतं, ती दिवसभर बोलत होती आमच्याशी," ती म्हणाली. "तुझं मला नक्की सांगता येईना. म्हटलं, फोन तुला रोज सहा तास भेटतो. त्यालाच जास्त माहिती असणार."

सासूबाईंनी चष्मा काढला, टेबलाच्या टोकाचा तो कोलिवाचा वाडगा ओढला आणि माझ्यापुढे सरकवला.

"घे," त्या म्हणाल्या. "तुझ्या वाटणीचा राहिला होता."